पीडीओची सेटिंग्ज: डेटाबेसशी जोडणी उघडतानाच काय काय ठरवायचं

पीएचपीच्या बहुतेक प्रकल्पांत डेटाबेसशी जोडणी करणारी फाइल एकदाच लिहिली जाते. पहिल्या दिवशी कोणीतरी ती जुन्या प्रकल्पातून उचलून आणतं, युजरनेम-पासवर्ड बदलतं, पान उघडतं, आणि मग वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावत नाही. त्यातला ऑप्शन्सचा अ‍ॅरे जेमतेम पाच-सहा ओळींचा. पण चूक झाली तर प्रोग्राम बोलेल की गप्प बसेल, आकडा आकडा म्हणून हाती येईल की मजकूर म्हणून, बाहेरून आलेली किंमत क्वेरीत कोण बसवेल, हे सगळं त्याच ओळी ठरवतात. दुसऱ्याकडून हाती आलेल्या एका प्रकल्पात रात्री चालणारं आयातीचं काम रोज ‘पूर्ण झालं’ असं लॉगमध्ये लिहीत होतं, आणि रोज काही ओळी टेबलापर्यंत पोचतच नव्हत्या. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. दुरुस्ती एका ओळीची होती.

म्हणून हा लेख त्या एका फाइलीबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या अ‍ॅरेतली प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती ओळ तिथे नको. उदाहरणं पीडीओची आहेत. ही लायब्ररी २००५ साली पीएचपी ५.१ बरोबर आली, आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट अशा वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलता यावं हा तिचा हेतू. कॉन्स्टंटची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये ती रोमन कॅपिटल अक्षरांत, अंडरस्कोअरसकट आणि नावाआधी ‘पीडीओ::’ लावून लिहायची.

आधी एक समज पक्की करू, कारण पुढचे निम्मे घोळ तिच्या अभावी होतात. कॉन्स्टंट म्हणजे नाव दिलेला पूर्णांक, बाकी काही नाही. अ‍ॅट्र_एररमोड (चूक झाली की कसं वागायचं हे सेटिंग) म्हणजे ३. एररमोड_सायलेंट (गप्प बसायचं) ०, एररमोड_वॉर्निंग (नुसता इशारा द्यायचा) १ आणि एररमोड_एक्सेप्शन (पकडली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी चूक टाकायची) २. ऑप्शन्सचा अ‍ॅरे म्हणजे ‘या क्रमांकाच्या सेटिंगला ही किंमत’ अशा जोड्या. त्यामुळे कोणी ‘चुका दाखव’ अशा अर्थाने अ‍ॅट्र_एररमोडसमोर ट्रू लिहिलं, तर पीडीओ तक्रार करत नाही. ट्रूचा १ होतो आणि वॉर्निंग मोड लागू होतो. लिहिणाऱ्याला वाटतं एक्सेप्शन चालू झाली. त्यामुळे किमतीच्या जागीही नेहमी नावाचा कॉन्स्टंटच लिहायचा, आकडा किंवा ट्रू-फॉल्स नाही. अपवाद फक्त जिथे सेटिंग खरोखरच हो-नाहीचं आहे.

पहिली पायरी: डीएसएन आणि कॅरेक्टर सेट

डीएसएन म्हणजे कुठल्या ड्रायव्हरने, कुठल्या सर्व्हरवरच्या, कुठल्या डेटाबेसला जोडायचं हे सांगणारी ओळ. मायएसक्यूएलच्या बाबतीत दोन गोष्टी इथेच अडवतात.

एक, होस्ट. युनिक्स-लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की ड्रायव्हर नेटवर्कने जातच नाही, तो युनिक्स सॉकेटची फाइल शोधतो. तुम्ही दिलेला पोर्ट क्रमांक तिथे कामाचा राहत नाही. १२७.०.०.१ लिहिलं तर टीसीपीने जातो. सर्व्हर कंटेनरमध्ये असेल किंवा ३३०६ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल तर ‘पोर्ट तर बरोबर दिलाय, तरी जोडत का नाही’ हा प्रश्न बहुधा इथेच सुटतो.

दोन, कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची त्याची पद्धत. डीएसएनमध्ये ‘कॅरसेट’च्या पुढे यूटीएफ८एमबी४ लिहा. नुसतं यूटीएफ८ नको. मायएसक्यूएलमध्ये त्या जुन्या नावाखाली एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असल्यामुळे मराठी मजकूर त्यात नीट मावतो, आणि म्हणूनच ही चूक आपल्याला फार उशिरा कळते. सगळं छान चाललेलं असतं, एक दिवस कोणीतरी नावापुढे इमोजी टाकतं, त्याला ४ बाइट लागतात, आणि सर्व्हर ती ओळ नाकारतो किंवा मजकूर तिथेच कापतो. टेबल आणि कॉलमही यूटीएफ८एमबी४ असायला हवेत, नुसती जोडणी पुरत नाही.

जुन्या लेखांत जोडणी झाल्यावर ‘सेट नेम्स’ ही क्वेरी चालवायला सांगितलेली दिसते. ते करू नका. त्या क्वेरीने सर्व्हरला नवा कॅरेक्टर सेट कळतो, पण पीडीओच्या बाजूला कळत नाही. जीबीकेसारख्या (चिनी लिपीसाठीच्या) काही बहुबाइट सेटमध्ये या तफावतीचा फायदा घेऊन क्वेरीत घुसखोरी करता येते. डीएसएनमधला कॅरसेट पीएचपी ५.३.६ पासून मानला जातो, त्यामुळे जुन्या पद्धतीला आता कारण उरलेलं नाही.

दुसरी पायरी: चूक झाली की बोललं पाहिजे

वर सांगितलेली एका ओळीची दुरुस्ती ती हीच: अ‍ॅट्र_एररमोडला एररमोड_एक्सेप्शन.

पीएचपी ८.० पूर्वी मूळ किंमत सायलेंट होती. क्वेरी फसली तर मेथड फॉल्स परत देणार आणि पुढची ओळ चालू. प्रत्येक ठिकाणी फॉल्स तपासणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ८.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून, मूळ किंमतच एक्सेप्शन आहे. तरीही ओळ लिहून ठेवा. फाइल वाचणाऱ्याला हेतू दिसतो, आणि जुन्या आवृत्तीवर तीच फाइल गेली तर वागणूक बदलत नाही.

जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना मात्र शोधायला हवं की कुठे कुठे फॉल्सवर विसंबून निर्णय घेतले आहेत. ‘इन्सर्ट फसलं तर अपडेट कर’ असं लिहिलेलं असेल तर आता अपडेटपर्यंत पोचायच्या आधीच एक्सेप्शन उडेल.

जोडणीच झाली नाही तर कन्स्ट्रक्टर नेहमीच एक्सेप्शन टाकतो, मोड कुठलाही असो. ती न पकडता पडद्यावर गेली तर स्टॅक ट्रेसमध्ये कन्स्ट्रक्टरला दिलेला पासवर्डही दिसू शकतो. पीएचपी ८.२ पासून पासवर्डचं पॅरामीटर ‘संवेदनशील’ म्हणून झाकलं जातं; त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर जोडणीचा तेवढा भाग ट्राय-कॅचमध्ये घ्या आणि चालत्या सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवणं बंद ठेवा. बाकी प्रत्येक क्वेरीभोवती ट्राय-कॅच बांधत बसू नका. पकडून काही करता येणार असेल तरच पकडावं, नाहीतर ती वर जाऊ द्यावी आणि एका जागी लॉगमध्ये नोंदवावी.

तिसरी पायरी: प्रिपेअर खरं की नकली

इथे थोडं थांबू. अ‍ॅट्र_एम्युलेट_प्रिपेअर्स हे सेटिंग सगळ्यात जास्त गैरसमजाचं आहे.

खऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये प्लेसहोल्डर (किमतीसाठी सोडलेली जागा) असलेली क्वेरी आधी सर्व्हरकडे जाते. सर्व्हर ती समजून घेतो, आणि किमती नंतर वेगळ्या पाठवल्या जातात. किंमत कधीच क्वेरीचा मजकूर होत नाही. नकली, म्हणजे एम्युलेटेड प्रकारात सर्व्हरला काही कळत नाही. पीडीओ स्वतःच किमतींना अवतरण चिन्हं लावून, आतली धोकादायक चिन्हं निष्प्रभ करून, अखंड क्वेरी तयार करतो आणि ती पाठवतो. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये मूळ किंमत ट्रू आहे, म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर नकली प्रकार चालतो.

नकली प्रकार असुरक्षितच असतो असं म्हणणं बरोबर नाही. कॅरेक्टर सेट डीएसएनमध्ये नीट दिला असेल तर तो काम करतो, आणि त्याला सर्व्हरकडे एकच फेरी लागते. खऱ्याला प्रिपेअरची एक आणि एक्झिक्यूटची एक अशा दोन. तरी नव्या प्रकल्पात मी फॉल्स लिहितो. किंमत आणि क्वेरी वेगळ्या राहण्याची हमी मला माझ्या काळजीपूर्वकपणापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

फॉल्स केल्यावर काय बदलतं ते मात्र माहीत हवं:

– नावाचा एकच प्लेसहोल्डर क्वेरीत दोन ठिकाणी वापरता येत नाही. शोधाच्या क्वेरीत ‘नावात किंवा पत्त्यात’ असं शोधत असाल तर दोन वेगळी नावं द्यावी लागतात.
– क्वेरीतली व्याकरणाची चूक आता प्रिपेअरच्या वेळीच कळते, एक्झिक्यूटपर्यंत थांबत नाही.
– लिमिटचा प्लेसहोल्डर सुरळीत चालतो. नकली प्रकारात एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की सगळ्या किमती मजकूर म्हणून जातात, लिमिटपुढे अवतरण चिन्हातला १० जातो आणि मायएसक्यूएल वाक्यरचनेची चूक दाखवतो. नकली प्रकार ठेवायचाच असेल तर तिथे बाइंडव्हॅल्यू आणि पॅरम_इंट वापरा.
– अर्धविरामाने जोडलेल्या दोन-तीन क्वेरी एका प्रिपेअरमध्ये देता येत नाहीत. हे चांगलंच आहे.

शेवटच्या मुद्द्याला जोडून आणखी एक ओळ: मायएसक्यूएल_अ‍ॅट्र_मल्टी_स्टेटमेंट्सला फॉल्स. एक्झेक या मेथडला प्रिपेअर लागत नाही, त्यामुळे तिथे अनेक क्वेरी एकत्र पाठवण्याची वाट उघडी राहते, आणि घुसखोराला नेमकी तीच हवी असते. शिवाय एकत्र पाठवलेल्यांपैकी दुसरी क्वेरी फसली तर ते पुढच्या रोसेटकडे, म्हणजे पुढच्या क्वेरीच्या निकालाकडे, गेल्याशिवाय कळतही नाही. हे सेटिंग फक्त कन्स्ट्रक्टरमध्ये चालतं, सेटअ‍ॅट्रिब्यूटने नंतर बदलत नाही.

चौथी पायरी: ओळी कुठल्या रूपात हव्यात

अ‍ॅट्र_डिफॉल्ट_फेच_मोडची मूळ किंमत फेच_बोथ. प्रत्येक कॉलम दोनदा येतो, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने. जेसन करून बाहेर पाठवलं की हा दुप्पट ऐवज लगेच दिसतो. फेच_असॉक ठेवा.

फेच_असॉकची एक खोड आहे. जॉइनमध्ये दोन टेबलांत एकाच नावाचा कॉलम असेल, समजा दोन्हीकडे ‘आयडी’, तर शेवटचाच उरतो आणि पहिला गुपचूप जातो. चूक दिसत नाही, चुकीच्या ग्राहकाचा आयडी दिसतो. म्हणून जॉइनमध्ये तारांकन न लिहिता कॉलमांची नावं आणि एलियस लिहायचे.

दोन मोड लोकांना फारसे माहीत नसतात आणि वेळ खूप वाचवतात. फेच_की_पेअर: बरोबर दोन कॉलम निवडले तर पहिला की, दुसरा व्हॅल्यू असा तयार अ‍ॅरे मिळतो, ड्रॉपडाउनसाठी उत्तम. फेच_युनीक: पहिला कॉलम की होतो, बाकीची ओळ त्याखाली. दोन्ही फेचऑलला द्यायचे.

किमतींचे प्रकारही इथेच येतात. खऱ्या प्रिपेअरमध्ये पूर्णांक कॉलम पूर्णांक म्हणूनच येतो. नकली प्रकारात पीएचपी ८.१ पूर्वी सगळं मजकूर म्हणून यायचं, ८.१ ने ते बदललं. जुना कोड जर तिहेरी बरोबरच्या चिन्हाने ‘“१”’ या मजकुराशी तुलना करत असेल तर ८.१ वर तो मुकाट्याने चुकू लागतो. तात्पुरता आधार म्हणून अ‍ॅट्र_स्ट्रिंगिफाय_फेचेस ट्रू करता येतं, पण खरी दुरुस्ती तुलनेची आहे. डेसिमल कॉलम मात्र आजही मजकूर म्हणूनच येतो, आणि तसंच हवं. पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये गेला की पैशांत फरक पडतो.

पाचवी पायरी: किंमत देताना तिचा प्रकार

पॅरम_इंट, पॅरम_एसटीआर, पॅरम_बूल, पॅरम_नल, पॅरम_लॉब. दशांशासाठी वेगळा कॉन्स्टंट नाही. ती किंमत मजकूर म्हणूनच द्यायची.

फसवणारी जागा बूलियनची. एक्झिक्यूटला अ‍ॅरेत फॉल्स दिलं तर त्याचा रिकामा मजकूर होतो, आणि स्ट्रिक्ट मोडमधला (न बसणारी किंमत नाकारणारा) मायएसक्यूएल ‘पूर्णांकाच्या जागी ही किंमत चालणार नाही’ म्हणतो. एक तर फॉल्सचा ० करून द्या, नाहीतर बाइंडव्हॅल्यूत पॅरम_बूल द्या. बाइंडपॅरम आणि बाइंडव्हॅल्यू यांतला फरकही लक्षात असू द्या: पहिला व्हेरिएबलला बांधतो आणि त्यातली किंमत एक्झिक्यूटच्या क्षणी वाचतो, दुसरा तिथल्या तिथे किंमत घेतो. लूपमध्ये बाइंडपॅरम वापरून सगळ्या प्लेसहोल्डरना शेवटचीच किंमत मिळाल्याची तक्रार याच्यातूनच येते. नव्वद टक्के वेळा बाइंडव्हॅल्यू पुरतो, असा माझा अंदाज.

सहावी पायरी: ड्रायव्हरची खास सेटिंग्ज, आणि १००० चा सापळा

आता सुरुवातीला सांगितलेल्या ‘कॉन्स्टंट म्हणजे आकडा’ या गोष्टीकडे परत येऊ. सगळ्या ड्रायव्हरना लागू होणाऱ्या सेटिंगांचे क्रमांक लहान आहेत. ड्रायव्हरच्या खास सेटिंगांची मोजणी १००० पासून सुरू होते, आणि ती प्रत्येक ड्रायव्हरची आपापली सुरू होते. मायएसक्यूएल_अ‍ॅट्र_यूझ_बफर्ड_क्वेरी म्हणजे १०००. एसक्यूलाइट_अ‍ॅट्र_ओपन_फ्लॅग्ज म्हणजेही १०००. पोस्टग्रेसच्या पीजीएसक्यूएल_अ‍ॅट्र_डिसेबल_प्रिपेअर्सचाही क्रमांक तोच.

याचा परिणाम बघा. चालत्या सर्व्हरवर मायएसक्यूएल आणि चाचण्यांसाठी एसक्यूलाइटची फाइल, अशी रचना सर्रास असते. ऑप्शन्सचा अ‍ॅरे दोन्हींसाठी एकच ठेवला आणि त्यात ‘यूझ_बफर्ड_क्वेरी’ला ट्रू असेल, तर एसक्यूलाइटला त्यातून ‘१००० ला १’ एवढंच कळतं. त्याच्या भाषेत १००० म्हणजे फाइल उघडण्याचे फ्लॅग्ज, आणि १ म्हणजे फक्त वाचण्यासाठी. डेटाबेस उघडतो, सिलेक्ट चालतात, आणि पहिल्या इन्सर्टला ‘रीडओन्ली डेटाबेसमध्ये लिहिता येत नाही’ अशी चूक. माणूस फाइलीच्या परवानग्या तपासत बसतो. परवानग्यांचा इथे काही संबंधच नसतो.

उपाय सोपा: समान सेटिंग्जचा एक अ‍ॅरे, प्रत्येक ड्रायव्हरचा स्वतंत्र अ‍ॅरे, आणि जोडणीच्या वेळी फक्त योग्य तो मिसळायचा. पीएचपी ८.४ पासून प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा क्लास मिळाला आहे आणि त्याची सेटिंग्ज त्या क्लासवरच्या कॉन्स्टंटनी लिहिता येतात, ८.५ मध्ये पीडीओ क्लासवरची ड्रायव्हरची जुनी नावं कालबाह्य ठरवली गेली. नव्या नावांनी क्रमांकांचा घोळ संपत नाही, पण डोळ्यांना तरी दिसतं की ही ओळ कुणाची आहे.

मायएसक्यूएलच्या खास सेटिंगांपैकी तीन जाणीवपूर्वक ठरवा. बफर्ड क्वेरी मुळातच चालू असते: सगळा निकाल आधी पीएचपीच्या मेमरीत येतो. लाखो ओळी निर्यात करताना ते बंद करावं लागतं, पण मग एक निकाल पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच जोडणीवर दुसरी क्वेरी चालत नाही, २०१४ क्रमांकाची चूक येते. निर्यातीसाठी वेगळी जोडणी उघडणं बरं. दुसरं, फाउंड_रोज. अपडेटमध्ये किंमत आधीचीच असेल तर मायएसक्यूएल ‘० ओळी बदलल्या’ म्हणतो, आणि रोकाउंटवर विसंबलेला कोड ‘असा ग्राहकच नाही’ असा निष्कर्ष काढतो. हे सेटिंग ट्रू केलं की जुळलेल्या ओळींची संख्या मिळते. तिसरं, सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल तर एसएसएल_सीए, म्हणजे जोडणी कूटबद्ध होईल आणि समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासलं जाईल.

सातवी पायरी: टाइमआउट आणि पर्सिस्टंट जोडणी

अ‍ॅट्र_टाइमआउट या एकाच नावाचा अर्थ ड्रायव्हरगणिक बदलतो. मायएसक्यूएलमध्ये तो जोडणी होण्यासाठी थांबायचा वेळ, मूळ ३० सेकंद. वेबपानासाठी ते फार आहेत; ३ ते ५ पुरे. एसक्यूलाइटमध्ये तोच आकडा दुसऱ्याने धरलेलं लॉक सुटण्याची वाट किती बघायची हे सांगतो, मूळ ६० सेकंद. लांबलेली क्वेरी यापैकी कशानेही थांबत नाही. त्यासाठी सर्व्हरचं सेशन सेटिंग हवं: मायएसक्यूएलमध्ये सिलेक्टसाठी मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम, पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट_टाइमआउट, दोन्ही मिलिसेकंदांत.

अ‍ॅट्र_पर्सिस्टंट मी सहसा बंदच ठेवतो. चालू असेल तर जोडणी पुढच्या रिक्वेस्टला जशीच्या तशी मिळते, म्हणजे तिच्याबरोबर आधीच्या रिक्वेस्टची तात्पुरती टेबलं, न सोडलेली टेबल-लॉक आणि बदललेले सेशन व्हेरिएबलही मिळतात. शिवाय प्रत्येक पीएचपी प्रोसेस एक जोडणी धरून बसते, आणि मायएसक्यूएलची मॅक्स_कनेक्शन्सची मूळ मर्यादा १५१ आहे.

सतत चालणाऱ्या वर्करची, म्हणजे मागे राहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रामची, अडचण उलटी. ८ तास काही हालचाल नसेल तर मायएसक्यूएल मूळ सेटिंगनुसार जोडणी तोडतो आणि सकाळचं पहिलं काम ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ने फसतं. ही मर्यादा, म्हणजे वेट_टाइमआउट, वाढवत नेण्यापेक्षा वर्करने काम घेण्याआधी जोडणी जिवंत आहे का बघावं, नसेल तर नवी उघडावी.

आठवी पायरी: सेशनची सेटिंग्ज

मायएसक्यूएल_अ‍ॅट्र_इनिट_कमांडमध्ये दिलेली क्वेरी जोडणी होताच चालते. तिथे दोन गोष्टी: टाइम_झोन ‘+००:००’ आणि एसक्यूएल_मोड. टाइमस्टॅम्प प्रकारचा कॉलम सेशनच्या टाइम झोननुसार बदलून दिसतो, डेटटाइम बदलत नाही. दोन सर्व्हरवर दोन झोन असले की एकाच ओळीची वेळ दोन ठिकाणी वेगळी दिसते. एसक्यूएल_मोडमध्ये स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स असू द्या. मायएसक्यूएल ५.७ पासून ते मुळातच असतं, पण काही सर्व्हरवर ‘जुना कोड चालावा’ म्हणून काढून टाकलेलं असतं, आणि मग लांब नाव न सांगता कापून साठवलं जातं.

एसक्यूलाइट वापरत असाल तर जोडणी होताच प्राग्मा फॉरिन_कीज ऑन करा. ते मुळात बंद असतं आणि प्रत्येक जोडणीला पुन्हा सांगावं लागतं. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर सांगितलं तर काहीच होत नाही. जर्नल_मोड वॉल (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) मात्र फाइलीतच नोंदवला जातो, तो एकदा पुरतो.

शेवटी: लागू झालं का ते बघा

अ‍ॅरेत लिहिलं म्हणजे लागू झालं असं नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि चालत्या सर्व्हरवर चालवा. गेटअ‍ॅट्रिब्यूटने एररमोड, फेच मोड आणि एम्युलेट_प्रिपेअर्स छापा. अ‍ॅट्र_कनेक्शन_स्टेटस छापा, जोडणी सॉकेटने झाली की टीसीपीने ते त्यात दिसतं. अ‍ॅट्र_टाइमआउट मात्र मायएसक्यूएलचा ड्रायव्हर परत सांगत नाही, विचारलं तर एक्सेप्शन टाकतो, तेव्हा त्यासाठी घाबरू नका. मग सर्व्हरलाच विचारा: सेशनचा एसक्यूएल_मोड, टाइम_झोन आणि जोडणीचा कॅरेक्टर सेट सिलेक्ट करून बघा.

त्यानंतर तीन मुद्दाम केलेल्या चुका. नसलेल्या टेबलावर सिलेक्ट: एक्सेप्शन आलीच पाहिजे. एक्झेकमध्ये अर्धविरामाने जोडलेल्या दोन क्वेरी: नाकारल्या गेल्या पाहिजेत. २० अक्षरांच्या कॉलममध्ये ३० अक्षरं: साठवली जाता कामा नयेत. आणि एक बरोबर गोष्ट: एका ओळीत मराठी वाक्य आणि त्याच्या शेवटी इमोजी साठवा, परत वाचा, दोन्ही मजकूर जसेच्या तसे जुळतात का पाहा. ही स्क्रिप्ट प्रकल्पातच ठेवा आणि पीएचपीची किंवा डेटाबेसची आवृत्ती बदलाल त्या दिवशी बाकी काही तपासण्याआधी तीच चालवा.